मळणी यंत्राची साखळी ऐन हंगामात तुटू नये म्हणून



दिवाळीच्या आगेमागे ठाणे जिल्ह्यात हळवे आणि निमगरवे भात कापणीला येते. कल्याण, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांत त्या सुमारास खळ्यावर भाऱ्यांची उडवी उभी असते आणि डोळे आभाळाकडे लागलेले असतात. परतीच्या पावसाची एक सर आली तरी लोंबीतील दाणा काळा पडतो किंवा त्याला मोड येतात. पूर्वी घरची आणि शेजारची माणसे मिळून झोडणी उरकत असत. आता तरुण मुले डोंबिवली आणि अंबरनाथच्या कारखान्यांत किंवा मुंबईच्या नोकरीत असल्याने मजूर मिळत नाहीत आणि मळणी यंत्राशिवाय भागत नाही. भाड्याचे यंत्र आपल्या खळ्यावर एकच दिवस येते. त्याच दिवशी दुपारी खाडकन आवाज होऊन साखळी तुटली, तर शहरात जाऊन सुटा भाग आणेपर्यंत संध्याकाळ होते. यंत्रवाल्याने दुसऱ्या दिवसाचे काम आधीच घेतलेले असते आणि आपले भात मात्र खळ्यावर भिजत पडते.

अशा वेळी 'साखळीच खराब निघाली' असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात चांगली साखळी एका दिवसात तुटत नाही. तुटण्याच्या कितीतरी आधीपासून ती तशी लक्षणे दाखवत असते. ती लक्षणे कोणती, ती कशी ओळखावीत आणि कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे. ती मळणी यंत्र, कापणी यंत्र, भात लावणी यंत्र, पॉवर टिलर आणि पॉवर वीडर यांपैकी ज्या ज्या यंत्रात रोलर साखळी आहे त्या सर्वांना लागू पडते.

साखळीची रचना

आज वापरात असलेल्या रोलर साखळीचे पेटंट हान्स रेनॉल्ड या अभियंत्याने १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे घेतले. त्यानंतर पोलाद सुधारले, पण मूळ रचना तीच राहिली. सायकलची साखळी हातात घेऊन पाहिली तर ती लगेच समजते. बाहेरच्या दोन पट्ट्या दोन पिनांनी जोडलेल्या असतात. आतल्या दोन पट्ट्यांत दोन नळ्या घट्ट बसवलेल्या असतात, त्यांना बुश म्हणतात. पिन बुशमध्ये फिरते आणि बुशवर रोलर मोकळा फिरतो. दातेरी चक्राचा, म्हणजे स्प्रॉकेटचा दाता या रोलरला ढकलतो. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतच्या अंतरास पीच म्हणतात. साखळी खरेदी करताना हे माप सर्वांत महत्त्वाचे असते.

शेती यंत्रांत साधारणपणे पुढील मापांच्या साखळ्या आढळतात :

०८-बी : पीच १२.७ मि.मी. (अर्धा इंच)
१०-बी : पीच १५.८७५ मि.मी. (पाच अष्टमांश इंच)
१२-बी : पीच १९.०५ मि.मी. (पाऊण इंच)
१६-बी : पीच २५.४ मि.मी. (एक इंच)

याच पीचच्या साखळ्या अमेरिकन पद्धतीत अनुक्रमे ४०, ५०, ६० आणि ८० या क्रमांकांनी ओळखल्या जातात. पीच सारखा असला तरी दोन्ही पद्धतींत रोलरचा व्यास आणि आतील रुंदी काही मापांत वेगळी असते. त्यामुळे 'बसते आहे ना' एवढ्यावर न जाता पट्टीवर कोरलेला क्रमांक पाहूनच साखळी घ्यावी. अशा साखळ्यांसाठी आपल्याकडे आय.एस. २४०३ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार बनवलेली साखळी मागावी.

साखळी का तुटते?

येथे थोडे गणित पाहू. समजा, मळणी यंत्रावर ५ हॉर्सपॉवरची मोटर आहे आणि ती सर्व शक्ती १२-बी साखळीतून जाते. लहान स्प्रॉकेटला १७ दाते आहेत आणि ते मिनिटाला ३०० फेरे घेते. दर फेऱ्याला साखळी १७ गुणिले १९.०५, म्हणजे सुमारे ३२४ मि.मी. पुढे सरकते. त्यानुसार साखळीचा वेग सेकंदाला सुमारे १.६२ मीटर येतो आणि तिच्यावर सुमारे २३५ किलो ओढ पडते. तेवढीच शक्ती निम्म्या फेऱ्यांवर द्यायची झाल्यास ओढ दुप्पट, म्हणजे ४७० किलो होते. यंत्राचा जो शाफ्ट सर्वांत सावकाश फिरतो त्यावरील साखळी सर्वांत जास्त का सोसते, ते यावरून ध्यानात येईल.

नव्या १२-बी साखळीची तुटण्याची किमान ताकद सुमारे २,९०० किलो असते. मग २३५ किलोवर ती का तुटावी? लोखंडी तार एकदा वाकवून मोडत नाही, पण तीच तार पुन्हा पुन्हा वाकवली की मोडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. साखळीचेही तसेच आहे. वरील उदाहरणात साखळीला ८० कड्या असतील तर ती मिनिटाला सुमारे ६४ वेळा पूर्ण फिरते. म्हणजे तिची प्रत्येक पट्टी मिनिटाला ६४ वेळा ताणली जाते आणि सैल होते. दिवसाचे ८ तास काम धरले तर हे ३०,००० वेळा होते आणि महिनाभराच्या हंगामात ९ लाख वेळा. मधूनच ओला पेंढा अडकून झटका बसला की ओढ कितीतरी पट वाढते. अशा झटक्यांतून पट्टीच्या भोकाजवळ केसाएवढी चीर पडते. ती रोज थोडी वाढते आणि एका दिवशी साध्याच भारावर पट्टी तुटते. म्हणून ज्या दिवशी साखळी तुटली त्या दिवसाचा दोष क्वचितच असतो. दोष बहुधा आधीच्या अनेक दिवसांचा असतो.

पट्टा आणि साखळी यांतील फरकही लक्षात घ्यावा. जास्त भार आला की पट्टा घसरतो आणि यंत्र वाचते. साखळी घसरत नाही, तिला सर्व भार सोसावाच लागतो. यासाठी काही यंत्रांत मुद्दाम मऊ धातूची सुरक्षा पिन दिलेली असते. भार वाढला की ती पिन तुटते आणि साखळी व गिअर वाचतात. ही पिन सारखी तुटते म्हणून तिच्या जागी कडक बोल्ट ठोकणे ही मोठी चूक आहे. पिन का तुटते ते शोधावे.

शर्यतीच्या गाडीपासून शिकण्याजोगे

कार्ट नावाच्या छोट्या शर्यतीच्या गाड्या काहींनी पाहिल्या असतील. आपल्या राज्यात कोल्हापूरजवळच्या मार्गावर त्यांच्या राष्ट्रीय पातळीवरील शर्यतीही झालेल्या आहेत. या गाडीचा जन्म १९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे झाला. आर्ट इंगल्स यांनी लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे छोटे इंजिन बसवले आणि पहिली कार्ट तयार केली. त्या अर्थाने ही गाडी आपल्या शेती यंत्रांच्या नात्यातलीच आहे. तिचीही चाके साखळीनेच फिरतात.

आजच्या गिअर नसलेल्या कार्टमध्ये अवघ्या ७.७७४ मि.मी. पीचची बारीक साखळी असते. इंजिन मिनिटाला १४,००० फेरे घेत असेल आणि पुढचे स्प्रॉकेट ११ दात्यांचे असेल, तर साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. शंभर कड्यांची साखळी अशा वेगात मिनिटाला दीड हजार वेळा फिरते. एवढ्या वेगात तेल बाहेर फेकले जाते, सांधे तापतात आणि सरळ रेषेत थोडी जरी चूक असली तरी साखळी उतरते किंवा तुटते. त्यामुळे कार्ट चालवणारे प्रत्येक फेरीआधी तीन गोष्टी पाहतात : साखळीला तेल आहे का, तिला योग्य ढिलाई आहे का आणि दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का. साखळी पुरती झिजण्याची वाट न पाहता ते ती वेळेआधीच बदलतात.

आपल्या यंत्राचा वेग त्या मानाने फारच कमी असतो. पण कार्टच्या साखळीला काही मिनिटेच पळायचे असते. आपल्या साखळीला धूळ, भुसा, चिखल आणि खारी हवा सोसत दिवसभर राबायचे असते. तेव्हा त्या तीन गोष्टी आपल्यालाही तितक्याच लागू आहेत. आता त्या एकेक करून पाहू.

१. तेल देणे

साखळीची खरी झीज बाहेर दिसत नाही. ती पिन आणि बुश यांच्यामध्ये होते. तेल तेथे पोचले पाहिजे. बाहेरून फासलेले जाड ग्रीस आत शिरत नाही, उलट त्याला भुसा आणि माती चिकटून घासणारा लेप तयार होतो. म्हणून उघड्या साखळीला ग्रीस लावू नये. इंजिनातून काढलेले जळके ऑईलही वापरू नये. त्यात काजळी आणि धातूचा बारीक चुरा असतो. आपल्याकडील हवामानात एस.ए.ई. ३० किंवा ४० प्रतीचे स्वच्छ नवे ऑईल योग्य ठरते.

तेल देण्याची पद्धत अशी :

(अ) यंत्र बंद करावे. मोटर असल्यास मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावा. इंजिन असल्यास ते बंद करून किल्ली खिशात ठेवावी.
(आ) ब्रशने साखळीवरील भुसा आणि माती झाडावी.
(इ) चक्र हाताने सावकाश फिरवत साखळीच्या खालच्या, सैल बाजूच्या आतील अंगास तेल सोडावे. ते आतील पट्टी आणि बाहेरील पट्टी यांच्यामधल्या फटीत पडले पाहिजे. पिनपर्यंत जाण्याचा रस्ता तेथूनच आहे. नुसत्या रोलरवर तेल टाकून उपयोग होत नाही.
(ई) तेल मुरू द्यावे आणि बाहेर राहिलेले फडक्याने पुसून घ्यावे.

दर ८ तासांच्या कामानंतर, म्हणजे रोज एकदा तेल द्यावे. सकाळी काम सुरू करताना घाई असते. त्यापेक्षा संध्याकाळी काम संपल्यावर साखळी कोमट असताना दिलेले तेल चांगले मुरते. सांध्यांतून तांबूस पूड बाहेर येताना दिसली तर आत तेल पोचलेले नाही असे समजावे. अशी साखळी काढून रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवावी, वाळवावी आणि रात्रभर स्वच्छ ऑईलमध्ये बुडवून ठेवावी. नंतर टांगून निथळू द्यावी. धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये, आग लागण्याचा धोका असतो.

२. योग्य ढिलाई

साखळी तारेसारखी ताठ असली म्हणजे चांगली, हा समज चुकीचा आहे. ताठ साखळीमुळे सांध्यांवर आणि बेअरिंगवर विनाकारण ताण येतो, यंत्र तापते आणि झीज झपाट्याने होते. फार सैल साखळी फटके मारते आणि दात्यांवरून उडी घेते.

ढिलाई मोजण्यासाठी वरची बाजू ताणलेली राहील असे चक्र हाताने फिरवावे आणि खालची बाजू मध्यभागी धरून वरखाली हलवून पाहावी. दोन शाफ्टमधील अंतराच्या पंचविसाव्या हिश्शाइतकी एकूण हालचाल असावी. अंतर ५०० मि.मी. असेल तर ती २० मि.मी. येते. जेथे झटके बसतात किंवा साखळी उभी चालते तेथे ही हालचाल निम्मी, म्हणजे १० मि.मी. ठेवावी. चक्र एक फेरा फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल तर साखळी असमान झिजली आहे किंवा स्प्रॉकेट वाकडे बसले आहे. अशा वेळी सर्वांत ताठ जागेवर माप ठेवावे.

नवी साखळी पहिल्या काही तासांत थोडी लांबते. म्हणून नवी साखळी चढवल्यावर पहिल्या दिवसाच्या कामानंतर ढिलाई पुन्हा अवश्य तपासावी.

३. एका रेषेत बसवणे

दोन स्प्रॉकेट एका रेषेत नसतील तर दाते साखळीच्या आतील पट्ट्यांना घासतात. पट्ट्या पातळ होतात आणि तुटतात. तपासणीसाठी महागडी साधने लागत नाहीत. गवंड्याची दोरी दोन्ही स्प्रॉकेटच्या बाजूवरून ताणून धरावी. ती प्रत्येक स्प्रॉकेटच्या दोन्ही कडांना, अशी चार ठिकाणी एकाच वेळी टेकली पाहिजे. एका ठिकाणी फट राहिली तर शाफ्ट समांतर नाही किंवा स्प्रॉकेट आतबाहेर सरकले आहे. चावीचा स्क्रू ढिला होणे, बेअरिंग झिजणे आणि यंत्र ओढून नेताना सांगाडा वाकणे ही याची नेहमीची कारणे आहेत. मुरबाड, शहापूरच्या डोंगरपाड्यांवर यंत्र खडबडीत रस्त्याने नेले जाते. तेथे प्रत्येक खळ्यावर पोचल्यानंतर ही तपासणी करणे हिताचे आहे. त्यास पाच मिनिटे पुरतात.

साखळी किती झिजली ते मोजा

'साखळी ताणली' असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. पिन आणि बुश झिजल्याने प्रत्येक सांधा थोडा लांबतो. १२.७ मि.मी. पीचच्या साखळीत एका सांध्यामागे फक्त पाव मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी झीज झाली की साखळी २ टक्के लांबते. लांबलेली साखळी दात्यांच्या मुळाशी न बसता टोकाकडे चढू लागते आणि पुढे दाते सोडून उडते. म्हणून २ टक्के लांबी वाढली की साखळी बदलावी.

साखळी ताणून धरावी आणि पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत, म्हणजे २० पीचचे अंतर लोखंडी पट्टीने मोजावे.

साखळी — नवी असताना — बदलण्याचे माप
०८-बी — २५४ मि.मी. — २५९ मि.मी.
१०-बी — ३१७.५ मि.मी. — ३२४ मि.मी.
१२-बी — ३८१ मि.मी. — ३८८.५ मि.मी.
१६-बी — ५०८ मि.मी. — ५१८ मि.मी.

हे माप साखळीवर दोन-तीन ठिकाणी घ्यावे आणि सर्वांत मोठे आलेले माप धरावे. दरवर्षी हंगामापूर्वी, म्हणजे सप्टेंबरमध्ये ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. दोन वर्षांची मापे शेजारी ठेवली की साखळी आणखी किती दिवस टिकेल याचा अंदाज घरबसल्या येतो.

साखळीबरोबर स्प्रॉकेटही पाहावे. दाते एका बाजूला झिजून अंकुशासारखे वाकडे झाले असतील तर नवी साखळी चढवूनही उपयोग नाही. असे दाते नव्या साखळीला थोड्याच दिवसांत जुनी करतात. अशा वेळी साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावीत. लहान स्प्रॉकेट शक्यतो १७ किंवा त्याहून जास्त दात्यांचे असावे. साखळी ११ दात्यांवरून जाताना तिची गती प्रत्येक दात्यागणिक सुमारे ४ टक्क्यांनी कमीजास्त होते. १७ दात्यांवर हाच फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत राहतो आणि हिसके कमी बसतात. साखळीच्या कड्या सम संख्येत आणि दाते विषम संख्येत असले की तोच दाता पुन्हा पुन्हा त्याच कडीला भेटत नाही आणि झीज सारखी वाटली जाते.

जोडणी करताना

साखळीचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे तिचा जोड. चेनलॉकची कातरी चिमटी बसवताना तिचे बंद, गोल टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावे आणि फाटलेले टोक मागे. मासा पोहताना तोंड पुढे आणि शेपूट मागे असते, तसेच हे आहे. चिमटी उलटी बसली तर तिचे उघडे टोक कशाला तरी अडकते, चिमटी निसटते आणि साखळी सुटते. एकदा काढलेली चिमटी पुन्हा वापरू नये. चार-दोन नव्या चिमट्या आणि चेनलॉक यंत्राच्या पेटीत नेहमी असू द्यावेत.

खालील गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात :

• चिमटीऐवजी खिळा किंवा तार घालणे.
• तुटलेली पट्टी वेल्डिंग करणे. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टीचा कडकपणा जातो आणि ती शेजारीच पुन्हा तुटते.
• जुन्या साखळीत नव्या कड्या जोडून लांबी पुरी करणे. नव्या कड्यांचा पीच लहान आणि जुन्यांचा मोठा असल्याने प्रत्येक फेऱ्यात हिसका बसतो.
• लांबी जमत नाही म्हणून अर्धी, वाकडी कडी वापरणे. ही कडी इतर कड्यांपेक्षा कमजोर असते. अगदी नाइलाज असेल तरच ती वापरावी.

तुटलेला तुकडा फेकू नका

साखळी तुटली की तुकडा शेतात भिरकावला जातो. तो पुसून उजेडात नीट पाहावा. कारण बहुधा त्यावरच लिहिलेले असते.

• पट्टीचे भोक लांबट झाले असेल आणि पट्टी ओढल्यासारखी दिसत असेल : एकदम फार भार आला. यंत्रात ओला पेंढा, दगड किंवा सुतळी अडकली होती का ते पाहावे. भारे एकदम न घालता बेताने घालावेत.
• पट्टी भोकाजवळ सरळ तुटली असेल, पण भोकाचा आकार बदललेला नसेल : रोजच्या झटक्यांनी आलेला थकवा. उरलेल्या साखळीतही अशा चिरा असण्याचा संभव आहे. तिला जोड न देता पूर्ण साखळी बदलावी.
• पट्ट्यांच्या आतील बाजूस चकचकीत घासल्याच्या खुणा असतील : स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत.
• पिन तांबूस आणि खरबरीत असेल : तेल पोचलेले नाही.
• रोलर फुटले असतील : वेग प्रमाणाबाहेर आहे किंवा स्प्रॉकेटचे दाते झिजलेले आहेत.
• पट्टीवर गंजाचे खड्डे पडले असतील : साठवणीत हयगय झाली.

कारण न शोधता नवी साखळी चढवली तर तीही त्याच वाटेने जाते.

पॉवर टिलरची बंद साखळी

काही पॉवर टिलरमध्ये रोटरीला शक्ती देणारी साखळी बंद पेटीत, तेलात फिरते. ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून विसरली जाते. चिखलणीच्या वेळी ही पेटी पाण्याखालीच असते. रोटरीच्या शाफ्टवर गवत, प्लॅस्टिकची सुतळी किंवा खताच्या गोणीचे धागे गुंडाळले गेले की तेथील ऑईल सील फाटते. मग चिखलाचे पाणी आत शिरते आणि तेल बाहेर येते. यासाठी रोज काम संपल्यावर शाफ्टवरील धागे आणि गवत काढावे. पेटीखाली तेलाचे थेंब दिसतात का ते पाहावे. आठवड्यातून एकदा तेलाची पातळी तपासावी. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. असे तेल त्याच दिवशी काढावे, सील बदलावे आणि यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे नवे तेल भरावे. या पेटीतून टकटक आवाज येऊ लागल्यास साखळी सैल झाली आहे असे समजून ताण देणारी पट्टी तपासून घ्यावी.

हंगाम संपल्यावर

कोकणातील दमट हवेत साखळीचे आयुष्य कामापेक्षा पडून राहण्यानेच अधिक घटते. खाडीकाठच्या गावांत हवेतील क्षारामुळे गंज आणखी लवकर चढतो. मळणी आटोपल्यावर साखळी यंत्रावर तशीच ठेवू नये. ती काढून रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवावी, वाळवावी, ऑईलमध्ये बुडवून निथळावी आणि तेलकट फडक्यात व वर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी टांगावी. युरिया, सुपर फॉस्फेट किंवा मिठाच्या गोणींजवळ ती ठेवू नये. त्यांच्या ओलाव्याने पोलाद झपाट्याने गंजते. स्प्रॉकेटच्या दात्यांवर तेलाचा हात फिरवावा. पुडक्यावर साखळीचा क्रमांक, कड्यांची संख्या आणि मोजलेली लांबी लिहिलेली चिठ्ठी बांधावी. पुढच्या वर्षी दुकानात 'मागच्यासारखीच द्या' असे सांगण्याची वेळ येणार नाही.

जीव आणि बोटे सांभाळा

साखळी तुटल्याने एक दिवस जातो, पण साखळीत सापडलेले बोट परत येत नाही. मळणी यंत्रांवरील अपघात रोखण्यासाठी केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. तरीही साखळीवरचे पत्र्याचे किंवा जाळीचे कव्हर 'सारखे काढावे लागते' म्हणून कोपऱ्यात पडलेले अनेक खळ्यांवर दिसते. हे कव्हर दोन कामे करते. ते माणसाला साखळीपासून दूर ठेवते आणि तुटलेली साखळी चाबकासारखी बाहेर फेकली जाऊ देत नाही. तेल देण्यासाठी कव्हर काढणे त्रासाचे वाटत असेल तर त्याला बिजागरीचे छोटे दार करून घ्यावे, पण कव्हर काढून यंत्र चालवू नये.

यंत्रावर काम करणाऱ्या भगिनींनी पदर किंवा ओढणी कमरेला घट्ट खोचावी आणि केस बांधावेत. पुरुषांनी उपरणे, मफलर आणि सैल बाह्या टाळाव्यात. लहान मुलांना खळ्याच्या त्या बाजूला येऊ देऊ नये. चालत्या साखळीवर तेल सोडणे, तिला फडके लावणे किंवा बोटाने ढिलाई पाहणे कधीही करू नये. दिवसभराच्या कामाने माणूस थकतो. बत्तीच्या उजेडात 'एवढे दोनच भारे उरलेत' म्हणून केलेल्या घाईतच हात पुढे जातो.

दुर्दैवाने अपघात झाल्यास प्रथम यंत्र बंद करावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात वर उचलून ठेवावा. हळद, चुना, माती असे काही जखमेत भरू नये. बोट तुटले असल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्ण आणि पिशवी दोन्ही ताबडतोब रुग्णालयात न्यावीत.

थोडक्यात महत्त्वाचे

१) रोज संध्याकाळी पट्ट्यांमधील फटीत स्वच्छ ऑईल द्यावे.
२) शाफ्टमधील अंतराच्या पंचविसाव्या हिश्शाइतकी ढिलाई ठेवावी, झटके बसतात तेथे निम्मी.
३) प्रत्येक खळ्यावर दोरी लावून रेष तपासावी.
४) सप्टेंबरमध्ये २० पीचचे माप घ्यावे. २ टक्के वाढ झाल्यास साखळी बदलावी.
५) चिमटीचे बंद टोक धावण्याच्या दिशेला ठेवावे.
६) तुटलेला तुकडा पाहून कारण शोधावे.
७) कव्हर लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

भाड्याने यंत्र बोलावणाऱ्या शेतकऱ्यांनीही ही माहिती उपयोगात आणावी. यंत्र खळ्यावर आल्यावर चालू करण्यापूर्वी मालकाला साखळी दाखवायला सांगावे. कव्हर आहे का, तेल दिले आहे का, जादा चेनलॉक सोबत आहे का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. त्यात संकोच करण्याचे कारण नाही. यंत्र त्यांचे असले तरी भात आपले आहे आणि यंत्रावर उभी राहणारी माणसेही आपल्याच घरची आहेत.